निळी बाटली आणि ओला गालिचा

"ताई, धाव! चेंडूनं पुन्हा शू केली! त्याच जागी!"

नकटीची आरोळी ऐकून ताई आणि पैलवान धावतच दिवाणखान्यात आले. गालिच्यावर ताजं थारोळं, आणि शेजारी कान पाडून बसलेलं काकांचं तीन महिन्यांचं पिल्लू, चेंडू.

तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. काकांनी सकाळीच बजावलं होतं, "आता एकदा जरी गालिचा ओला झाला, तर चेंडूची रवानगी दुकानाच्या गोदामावर!" आणि काका जेवायला यायला उरला होता फक्त अर्धा तास! सुट्टीला काकांकडे आल्यापासून दोन आठवडे तिघं भावंडं चेंडूशिवाय घासही खात नव्हती.

पैलवान ब्रश घेऊन सरसावला.

"घासू नकोस!" ताई ओरडली. तिची आई हॉटेलातल्या खोल्यांची साफसफाई बघायची, त्यामुळे हे तिला तोंडपाठ होतं. "घासलं की डाग पसरतो आणि आत मुरतो. कोरडा टॉवेल टाक आणि वर उभा राहा!"

"म्हणजे माझं वजन कामाला आलं तर!" पैलवान ऐटीत टॉवेलवर चढला. टॉवेल ओला झाला. मग दुसरा. मग थोडं गार पाणी शिंपडून तिसरा.

तेवढ्यात चेंडू ओकला. तेही गालिच्यावरच!

"शी!" पैलवान दोन हात मागे सरला. ताईनं मात्र जुना पुठ्ठा घेतला आणि कडेकडून मध्याकडे ओकारी अलगद खरवडली. नकटी एकदम खाली वाकली.

"थांबा! यात निळ्या कापडाचे तुकडे आहेत!"

सोफ्यामागे उरलेलं फडकंही सापडलं. काकांचं! नकटीचं नाक बसकं असलं तरी भलतंच तिखट. तिनं फडकं हुंगलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काकांची निळी बाटली! पण वास मात्र... अगदी चेंडूच्या शूसारखा!"

काकांचं काचेचं दुकान होतं. जगातली कुठलीही घाण काच पुसायच्या निळ्या पाण्यानं जाते, अशी त्यांची ठाम समजूत. रोज डागावर तेच फवारायचे, खसाखसा घासायचे आणि फडकं देत भिरकावून!

"त्यात अमोनिया असतो," ताई उडालीच. "म्हणून चेंडूला वाटतं, आपली जागा हीच! काका रोज त्याला आमंत्रणच देतात!"

"पण ते ऐकणार का आपलं?" पैलवाननं विचारलं.

"ऐकणार नाहीत. दाखवू या!"

गडबड ऐकून स्वयंपाकघरातून आलेल्या काकूनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. चेंडू उड्या मारतोय हे ऐकून डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी आणून दाखवा." तोवर तिघांनी ओकारीची जागा गार पाण्यानं टिपली, दोन्ही डागांवर खायचा सोडा भुरभुरला आणि अंगणात दोन पायपुसणी मांडली. एकावर साधं पाणी, दुसऱ्यावर काकांच्या घरातल्या बाटलीतलं निळं.

फाटक वाजलं. काका! हातात दुकानातून आणलेली नवी निळी बाटली, आणि तीही गळकी.

"गालिचा पुन्हा ओला?" दोरीवरचे ओले टॉवेल बघून त्यांचा आवाज चढला.

"काका, दोनच मिनिटं! चेंडूसाठी!" नकटीला रडू फुटणार होतं.

चेंडूनं पहिलं पायपुसणं हुंगलं आणि सोडून दिलं. दुसऱ्यापाशी तो थबकला, गोल फिरला, बसू लागला... आणि अचानक उठून काकांकडे पळाला. बाटलीतलं निळं पाणी त्यांच्या बुटावर ठिबकत होतं. चेंडूनं बूट हुंगला, आणि त्यावरच कार्यक्रम उरकला!

काकू हसत सुटली, आणि नकटीनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकांनी बुटाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. "म्हणजे गुन्हेगार मीच! आणि शिक्षा या बिचाऱ्याला होणार होती." त्यांनी चेंडूला उचलून छातीशी धरलं. "शाबास रे पोरांनो! चेंडू कुठेही जाणार नाही."

पैलवाननं अशी आरोळी ठोकली की चेंडूही भुंकायला लागला.

काका आत आले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी टॉवेल हातात घेतला. "आता सांगा, घासू की दाबू?"

"दाबा!" तिघं एका सुरात ओरडली.