बाशानं रिकामी सोडलेली जागा

इजिप्तमधल्या रशीद बंदराच्या जन्ममृत्यू कचेरीत ते टर्मिनल आलं तेव्हा तिथल्या कारकून नबवियाला त्यातलं एकच कळलं, आणि तेवढंच कळायला हवं होतं. मोठा संगणक कैरोत बसतो, इथं नुसता पडदा. फॉर्म तोच पाठवतो. त्याला ठाऊक असेल ते तोच भरतो. ठाऊक नसेल ती जागा रिकामी सोडून वाट बघतो. त्यानं भरलेल्या जागेत तुमची बोटं चालत नाहीत, हिरवा ठिपका तिथून उडी मारून पुढं जातो. कचेरीत त्याला सगळे बाशा, म्हणजे बडा सरदार, म्हणत. बाशाचं लिहिलेलं कोण खोडणार?

त्या दिवशी जुन्या नोंदींचा गठ्ठा संपवायचा होता. बाहेर वादळ होतं, ज्याला तिथले कोळी केरसुणी म्हणतात ते. समुद्र झाडून नेतं म्हणून. दुपारीच दिवे लावावे लागले होते. नबवियाचा एकुलता एक मुलगा रागब पहाटे मासेमारीच्या बोटीवर गेला होता. तिनं दार अडवलं, तर म्हणाला, "आई, वारा काय तुला विचारून सुटतो?" आणि भाकरी काखेत मारून निघून गेला.

"नबवियाबाई, घरी जा," साहेब उस्ताद हिल्मी म्हणाले.

"घरी जाऊन भिंती बघू? त्यापेक्षा ही मेलेली माणसं बरी, उस्ताद. उलट बोलत नाहीत."

एवढ्यात पडदा आपोआप कोरा झाला. तिनं कळीला हातही लावला नव्हता. मग एकेक अक्षर उजवीकडून उमटत गेलं. मृत्यूची नोंद. तारीख आजची. वेळ दुपारी तीन. कारण, बुडून. खबर देणारी, नबविया. मयताशी नातं... आई.

मयताचं नाव रिकामं होतं. तिथं ठिपका लुकलुकत होता.

भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती. खिडक्या बंद होत्या, तरी खोलीत ओल्या दोराचा आणि शेवाळाचा वास भरत चालला होता.

तिनं फॉर्म पुसायची कळ दाबली. यंत्र नुसतं किणकिणलं. तिनं उठून भिंतीतली पिन उपटली. पडदा हिरवाच राहिला.

"काहीतरी लिहून टाका..." हिल्मी भिंतीला चिकटून पुटपुटले. "कुणाचंही..."

"कुणाचंही? तुमचं लिहू?"

हिल्मी दाराकडे सरकले.

नबविया पुन्हा बसली. बाशाला नाव ठाऊक नाही, म्हणून तो विचारतोय. आणि आपण नाही सांगितलं, तर तीनला तो स्वतःच शोधून भरेल. तिला एकच मूल आहे, हे त्याच्या दप्तरात आहेच.

एकच?

रागबच्या आधी, सव्वीस वर्षांपूर्वी, एक पोरगी झाली होती. तीन दिवस जगली. तीन दिवसांच्या जिवाची नोंद करायला कोण जातं? नाव तिनं मनातच ठेवलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मेलेल्या लेकराला पुन्हा मारायचं म्हणजे... पण रागब अजून जिवंत होता.

तिनं एकेक कळ शोधून पोरीचं नाव लिहिलं. विदाद. आणि धाडलं.

घड्याळाचे तीन ठोके पडले. नोंद झाली, असं पडद्यावर आलं. मग खाली दोन ओळी बाशानं आपल्या आपण भरल्या.

वय, सव्वीस वर्षं. राहण्याचा पत्ता, नबवियाचं घर, मागची खोली.

"तीन दिवस," ती पडद्याला म्हणाली. "तीन दिवसांची होती रे..." तिनं वय बदलायला बोट लावलं. ठिपका उडी मारून पुढं गेला.

दिवेलागणीला रागब दुसऱ्याचं घोंगडं पांघरून आला. दात वाजत होते.

"बोट उलटली, आई. मी खाली गेलो होतो. कुणीतरी मला मानेला धरून वर... बाईचा हात होता."

"गप. आधी हे पी." तिनं मसुरीच्या सुपाचा वाडगा त्याच्या हातात दिला, कंबरेची किल्ली काढली आणि मागच्या खोलीचं कुलूप उघडलं. तिथं फुटकी जाळी, कांदे आणि तिच्या पहिल्या बाळंतपणाची खाट. त्या खाटेवर नंतर कुणीच झोपलं नव्हतं.

गादीत माणसाएवढा खळगा होता. तिनं हात ठेवला. अजून ऊब होती.