सहाव्या खणातला आकडा

टिकली शाळेतून आली ती हातात लाल रेनकोट घेऊन. तो पाहताच धाकटीच्या हातातली कात्री खाली पडली.

हा रेनकोट पाच महिन्यांपूर्वी जुन्या घरी राहिला होता. झोपलेल्या मुलीला खांद्यावर टाकून, अंगावरच्या कपड्यांनिशी धाकटी त्या घरातून निघाली होती. रेनकोट-बिनकोट घ्यायला तिला सवडच नव्हती.

"बाबा आले होते शाळेपाशी," टिकली म्हणाली. "बाईंनी मला सोडलं नाही. मग त्यांनी हा दिला. म्हणाले, आईला दे."

खिशात चिठ्ठी होती, नवऱ्याच्याच अक्षरातली. 'शुक्रवारी घरी येतो.'

त्या दिवशी मंगळवार होता. 'घरी' म्हणजे कुठं, हे धाकटीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवऱ्यांपासून पळून आलेल्या बायकांच्या या आसरागृहाला पाटी नव्हती आणि त्याचा पत्ता बाहेर कुणाला सांगत नसत. टिकलीची नवी शाळा तर आतल्याही तिघींनाच ठाऊक होती: व्यवस्थापक ताई, समुपदेशक बाई आणि थोरली. थोरली म्हणजे धाकटीची सख्खी मोठी बहीण. ती रोज घरून येऊन इथल्या धुण्याची खोली सांभाळायची, आणि तिनंच धाकटीला इथं आणलं होतं.

म्हणजे तिघींपैकी एकीनं तोंड उघडलं होतं. आज शाळा सांगितली, शुक्रवारी पत्ता सांगेल. धाकटीनं शिलाई मशीन ओढून खोलीच्या दाराला लावलं. खाली फिरत्या दारात कुणी कार्ड टेकवलं की टक्‌ असा आवाज यायचा, आणि प्रत्येक टक्‌ला ती मशीन दाराशी आणखी घट्ट रेटायची.

बुधवारी ताईंनी मोजणीबाईंना बोलावलं. या बाई जन्मभर जनगणना कचेरीत होत्या आणि निवृत्तीनंतर खासगी तपास करत. सोबत त्यांचे यजमान, चित्रकलेचे मास्तर. गाडी ते चालवत, पिशवी ते धरत आणि शंकाही तेच काढत. पुरुषांना पुढच्या खोलीपलीकडे प्रवेश नव्हता, त्यामुळे सगळी चौकशी पुढच्या खोलीतच झाली.

धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली. एकटीनं वर बसण्यापेक्षा ते बरं होतं. निदान खिडकीतून अंगणातल्या दोरीवरच्या चादरी तरी दिसत होत्या. आज फुलांच्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही चादरी एकदम वाळत होत्या, दोरी पार खाली लोंबत होती. एरवी पांढऱ्या मंगळवारी असायच्या आणि फुलांच्या बुधवारी.

गुरुवारी सकाळी मोजणीबाई बातमी घेऊन आल्या. धाकटीनं दिलेला नवऱ्याचा फोटो त्यांनी शाळेच्या आसपास फिरून दाखवला होता. बसस्थानकासमोरच्या चहावाल्यानं तो ओळखला. मंगळवारी अकरा ते साडेअकरा हा माणूस तिथं बसला होता. समोर एक बाई होती, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. तिनं कागदावर काहीतरी लिहून दिलं आणि चहा न पिताच ती गेली.

मग तिघींना एकेक करून विचारलं. ताई म्हणाल्या, नऊपासून कोठारात सामान मोजत होते. समुपदेशक बाई म्हणाल्या, दार लावून अहवाल लिहीत होते. थोरली म्हणाली, "मी धुण्याच्या खोलीत. सकाळी आले, मग दोनदा अंगणात गेले चादरी घालायला. दर खेपेला आत येताना कार्ड लावलं. तीनदा." तिघीही एकेकट्या होत्या. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं.

"दारावर नोंद असेल ना?" मास्तरांनी विचारलं.

ताईंनी मान हलवली. कुणाचीही हजेरी लिहायची नाही, हा इथला पहिला नियम. यादी असली की ती चोरता येते. पण दिवसाला किती वेगवेगळ्या बायका आल्या-गेल्या हे मदत देणाऱ्यांना सांगावं लागतं, म्हणून दाराशी एक डबा बसवलेला. तो नावं ठेवत नाही. त्यात सोळा खण आहेत, खणात एकेक आकडा. कार्ड टेकवलं की त्याचा नंबर घुसळला जातो, त्यातून एक खण ठरतो आणि एक आकडा निघतो. खणात आधीचा आकडा लहान असेल तर नवा बसतो, नाहीतर जुनाच राहतो. रात्री डबा सोळा आकड्यांची पट्टी काढतो आणि रिकामा होतो. बाकी काही उरत नाही.

"एवढ्यावरून माणसं कशी मोजायची?" मास्तर.

"अहो, नाणं उडवा," मोजणीबाई म्हणाल्या. "सलग किती वेळा छापा पडला तेवढंच लक्षात ठेवा. कुणी म्हणालं सलग दहा पडले, तर समजायचं, बऱ्याच जणांनी उडवलंय. एकाच्या नशिबावर भरवसा नको म्हणून सोळा खण. आणि एका कार्डाचं नाणं दर वेळी तसंच पडतं. त्यामुळे तीच बाई दहादा आली तरी मोजणी एकदाच."

मंगळवारच्या पट्टीखाली छापलं होतं: अंदाजे अकरा. मास्तरांनी बोटांवर मोजलं. सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे मंगळवारी बारा जणी आत आल्या होत्या.

"एक कमी!" ते उठलेच. "सापडली."

"बसा. हा डबा दोन-तीननं इकडेतिकडे होतोच. त्या अकरावर कुणाला फाशी देणार आहात?"

मास्तर बसले. धाकटीला रडू यायला लागलं. उद्या शुक्रवार, आणि हाताशी काय, तर अंदाज!

दुपारी मोजणीबाईंनी ताईंना डबा रिकामा करायला लावला. मग तिघींनी पाळीपाळीनं कार्ड टेकवायचं, दर वेळी पट्टी काढायची आणि डबा पुन्हा रिकामा करायचा. तीन नव्या पट्ट्या आणि मंगळवारची चौथी त्यांनी टेबलावर ओळीनं मांडल्या.

"कोण आलं ते हा डबा सांगत नाही," त्या म्हणाल्या. "कोण आलं नाही, ते मात्र कधीकधी छातीठोकपणे सांगतो."

त्यांनी पहिली पट्टी पुढं ओढली.

"ताईंचं कार्ड तिसऱ्या खणात दोन टाकतं. मंगळवारी तिथं दोन आहे. त्या आल्या असतील, किंवा दुसऱ्या कुणाचा दोन असेल. डबा गप्प. समुपदेशक बाईंचं कार्ड नवव्या खणात एक टाकतं. मंगळवारी तिथं तीन आहे. यांचा एक त्याखाली झाकला गेला असेल, किंवा नसेलही. पुन्हा डबा गप्प." त्यांनी तिसरी पट्टी पुढं सरकवली. "हे कार्ड सहाव्या खणात चार टाकतं. मंगळवारी सहाव्या खणात एक आहे."

"म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"खणातला आकडा चढतो, उतरत कधीच नाही. हे कार्ड मंगळवारी एकदा जरी लागलं असतं तरी तिथं निदान चार दिसला असता."

"दुसरीच्या मागून आत आली असेल."

"फिरतं दार आहे, एका कार्डाला एकच माणूस. आणि मंगळवारच्या चादरी बुधवारी वाळत होत्या, कारण मंगळवारी त्या धुवायला कुणी आलंच नव्हतं." मोजणीबाई थोरलीकडे वळल्या. "चहाच्या दुकानात तूच होतीस, हे डबा सांगत नाही. खोटं का बोललीस, एवढंच मी विचारते."

थोरली भिंतीला टेकली.

"मंगळवारी सकाळी तो माझ्या दारात उभा होता," थोरली म्हणाली. "माझ्या पोराचं दप्तर त्याच्या खांद्याला. पोर त्याचं बोट धरून. म्हणाला, या पोराची शाळा मला सापडलीय, आता टिकलीची तू सांग. अकरा वाजेपर्यंत पोर त्याच्याजवळ होतं, मग दुकानाबाहेर त्याच्या गाडीत. कागद दिला तेव्हा सोडलं."

"आणि शुक्रवार?" मोजणीबाईंनी विचारलं.

"अकरा वाजता तिथंच. माझं कार्ड आणि पत्ता घेऊन."

धाकटीला वाटलं, उठावं आणि हिच्या थोबाडीत द्यावी. ती उठलीही. पण थोरली पुन्हा पुन्हा दाराकडे पाहत होती, ती स्वतः मंगळवारपासून पाहत होती अगदी तसंच. लहानपणी अंधार झाला की दोघी एकाच पांघरुणात शिरायच्या.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "दोघी मिळून घाबरलो असतो."

शुक्रवारी अकराला चहाच्या दुकानात थोरलीच्या जागी साध्या कपड्यांतले तीन पोलीस बसले होते. धाकटी मशीन दाराला लावून, टिकलीला मांडीवर घेऊन बसली. एक वाजता फोन वाजला. त्याला धरलं होतं. ती आधी रडली, मग दाराला कडी आहे ना ते पुन्हा पाहून आली. पाच महिन्यांची भीती एका फोननं जाणार नव्हती.

"म्हणजे माझं 'एक कमी' बरोबर होतं," निघताना मास्तर म्हणाले.

"बरोबर होतं. पण योगायोगानं." मोजणीबाई ताईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "सोमवारी माणूस बोलवा आणि डब्याची घुसळण रोज बदलेल अशी करून घ्या. मला वाचता आलं ते उद्या त्याच्यासारख्यालाही वाचता येईल." हे बोलताना त्यांचाही चेहरा उतरला होता.

दुपारीच थोरली पोराला आणि दोन पिशव्या घेऊन आसरागृहात राहायला आली. धाकटी तिच्याशी फारसं बोलली नाही. फक्त शेजारची खोली झाडून ठेवली आणि पोराला टिकलीची उशी दिली.

रात्री ताईंनी शुक्रवारची पट्टी वहीत चिकटवली. धाकटीनं वाकून पाहिलं. सहाव्या खणात चार होता. तो कुणाचा, हे डबा काही सांगणार नव्हता. धाकटीनं त्या आकड्यावरून एकदा बोट फिरवलं आणि वर जाऊन मशीन दारापासून बाजूला सरकवलं.