राईआमरीचा सोबती

उल्हास नाबरांच्या सावंतवाडीच्या घरात स्वयंपाकघराहून मोठी जागा बाटल्यांना होती. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर काचेच्या बाटल्या, बाटल्यांच्या तळाशी साखर घातलेली चायनाग्रासची जेली आणि त्या जेलीत राईआमरी ह्या इवल्याशा ऑर्किडची रोपं. पूर्ण वाढलेलं झाड अंगठ्याच्या नखावर मावे आणि फूल मोहरीच्या दाण्याएवढं. बघायला भिंग लागे. एवढ्याशा फुलापायी केवढा हा संसार, असं गल्ली म्हणे, आणि गल्लीचं फारसं चुकत नव्हतं.

जंगलात ही आमरी आता उरली नव्हती. ऐन तारुण्यात नाबरांनी आंबोलीच्या घाटात, वादळानं पाडलेल्या जांभळाच्या फांदीवरून शेवटची झाडं उचलून घरी आणली. माणूस औषधांच्या दुकानाचा, त्यामुळे निर्जंतुक कामाची सवय होती. हे झाड मुळात पाच-सहा वर्षांचंच सोबती. म्हणून बी धरायचं, बाटलीत पेरायचं, पुन्हा बी धरायचं, अशा कितीतरी पिढ्या त्यांनी काढल्या. आता त्यांच्या हृदयाच्या झडपेनं मान टाकली होती आणि शस्त्रक्रिया पेलवणार नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मरणाचं त्यांना विशेष वाटत नव्हतं. उसनं आणलेलं परत न करता जायची मात्र लाज वाटत होती. म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यांनी शेकडो रोपं घाटातल्या जांभळांवर नेऊन बांधली.

दिवाळीपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही.

असं का झालं ते शोधायला कोल्हापूरहून डॉ. तस्नीम मुजावर आल्या. त्या कवकशास्त्रज्ञ, म्हणजे बुरशीच्या अभ्यासक. चालकाविना धावणाऱ्या बसमधून उतरताना त्यांच्या हातात जेवणाच्या डब्याएवढा जनुकवाचक होता. झाडाचा कणभर तुकडा आत घातला की तो त्याची सगळी जनुकं वाचून दाखवी. दिवसभर नाबरांनी फळीफळीवरच्या रोपांचे तुकडे काढून बाहेर दिले, ते त्यांनी ओसरीत बसून वाचले आणि संध्याकाळी चहाचा कप न उचलताच बोलायला सुरुवात केली.

"नाबरकाका, तुमची रोपं वाळली नाहीत. खाल्ली गेली."

"किडीनं?"

"बुरशीनं. जिनं त्यांना जगवायचं, तिनंच."

नाबरांना ते पटेना. तेव्हा बाईंनी नीट उलगडून सांगितलं. "आमरीच्या बियाच्या पोटात शिदोरी नसते. जंगलात एक बुरशी त्यात शिरते. बी तिला आवर घालतं आणि तिच्याकडूनच साखर मिळवतं. हा दोघांतला करार. बुरशीला आवर घालायची कला बियाच्या जनुकांत असते. तुम्ही काय केलंत? बुरशी दूर ठेवलीत आणि साखर आयती दिलीत."

"सगळेच तसं करतात. त्याशिवाय घरात बी उगवायचं कसं?"

"किती उगवायचं?"

"सुरुवातीला शंभरात एखादं. बाकीचं बी महिनोन्‌महिने तसंच पडून राही. मग त्या बाटल्या धुऊन टाकायच्या."

"त्या धुतलेल्या बाटल्यांत कोण होतं, काका?"

नाबरांनी हातातला कप खाली ठेवला. "बुरशीची वाट बघणारं बी," ते म्हणाले.

"तेच. वाट न बघता नुसत्या साखरेवर उगवलं, त्याचं बी तुम्ही पुढे धरलंत. प्रत्येक पिढीत हीच निवड. आज तुमच्याकडच्या एकूण एक झाडात बुरशीला आवर घालणारं जनुक मोडलेलं आहे."

"दुरुस्त करता येईल?"

"मूळचं कसं होतं ते कुणी वाचून ठेवलेलं नाही. मोडकं तेवढं माझ्यापुढे आहे."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं नाबरांच्या मनात आलं. त्यांनी ते फूल वाचवलं होतं आणि वाचवता वाचवताच त्याचं जंगलाशी असलेलं नातं तोडलं होतं. त्यांना रडावंसं वाटलं, पण परक्या बाईसमोर ते जमेना.

"तुम्ही नसतात तर ही जात तेव्हाच संपली असती," डॉक्टर म्हणाल्या. "आणि एक सांगू? हे बी सोबत्यावाचून जगायला शिकलेलं नाही. त्यानं सोबती बदलला. साखर देणारा, बुरशीला आत येऊ न देणारा. त्याचा करार आता तुमच्याशी आहे."

नाबरांनी छातीवर हात ठेवला. "चांगला सोबती बघितला त्यानं," ते म्हणाले. "तुम्ही न्याल का ही झाडं?"

"माझी प्रयोगशाळा बुरशीचीच. माझ्या कपड्यांवरही ती असते. ह्या झाडांना माझ्या दारातसुद्धा आणता येणार नाही." बीजपेढीत फक्त खायची नि औषधी झाडं घेत. नाबरांकडे शिकायला आलेली माणसं बी उगवायची वाट बघून कंटाळत आणि निघून जात. डॉक्टर गेल्या तेव्हा चहा तसाच निवला होता.

विनया, नाबरांची बायको, दाराशी उभी होती. बाटल्यांना ती सवत म्हणे आणि त्या खोलीत पाऊल ठेवत नसे. आज ती आत आली. कोपरापर्यंत हात ओले होते.

"सगळा ऐकलंय मी. हात धुवन इलंय. माका शिकवा."

"तुज्या हातांका कंप आसा गो."

"मगे दुसऱ्या कोणाचे हात आसत हंय?"

नाबर उठले. त्यांनी तिला स्वच्छ हवेच्या पेटीपाशी बसवलं. लहान रोपं जुन्या बाटलीतून नव्या जेलीवर न्यायची होती. जुनीतली साखर संपत आलेली, म्हणजे न हलवली तर उपासमार ठरलेली. स्पिरिटमध्ये बुडवलेला चिमटा ज्योतीतून फिरवायचा, हवेतली बुरशी आत पडू नये म्हणून झाकण तिरकं उघडायचं, रोप पटकन आत सोडायचं. ती मन लावून ऐकत होती. पण चिमटा बाटलीच्या तोंडाशी नेला की हात थरथरे, तो काचेवर आपटे, आणि झाकण उघडं ते उघडंच राही. नाबर मध्ये हात घालायला गेले, तर त्यांनाच धाप लागली आणि ते भिंतीला टेकून बसले. तिनं एकटीनं ती बाटली भरली.

त्यानंतर ती रोज त्या खोलीत जायची. एका सकाळी तिनं हाक मारली. आवाजात आनंद होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या खोलीतून त्यांना तशी हाक कधी ऐकू आली नव्हती.

"अहो, येवा. मुळां फुटली. पांढरी शुभ्र."

नाबरांनी भिंग लावलं. जेलीभर कापसासारखे बारीक धागे पसरले होते, रोपांवरून चढून ते काचेला भिडले होते, आणि खालची रोपं मऊ पडून तपकिरी झाली होती. क्षणभर त्यांना वाटलं, होय म्हणावं. पण पुढची बाटली उघडताना काय टाळायचं, हे तिला कळायलाच हवं होतं.

"मुळां न्हय ती, विनया. बुरशी."

विनया बाटली तशीच धरून उभी राहिली. तिच्या हाताबरोबर आतली मेलेली रोपं हलत होती. मग तिनं बाटली खाली ठेवली आणि हात धुवायला नळाकडे गेली.

"दुसरी द्या," ती तिथूनच म्हणाली.

नाबर श्वास जागेवर येईपर्यंत खुर्चीला धरून उभे राहिले, आणि मग त्यांनी फळीवरून दुसरी बाटली काढली.