दुपारी दोन वाजताची खोली

सार्थकने शेफालीला पहिल्यांदा पाहिलं ते भोरमध्ये, वसंतरावांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, जिथे तो कामाला होता, एप्रिलातल्या एका दुपारी. पाहिल्यावर त्याने तिला पहिला प्रश्न विचारला तो असा :

"खोलीची खिडकी पश्चिमेला आहे का?"

मुलीशी बोलणं सुरू करण्याचे पुष्कळ प्रकार आहेत. हा त्यांत कुठे बसत नाही. पण शेफालीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, घामाने कपाळाला चिकटलेली बट मनगटाने मागे सारली, आणि डोक्यावर नमुन्याचे पाच पंखे फिरत असतानाही सार्थकला एकदम उकडायला लागलं.

"पश्चिमेलाच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"कूलर मागायला येणाऱ्यांची पश्चिमेलाच असते."

ती कूलरच मागायला आली होती. शिवऱ्याला राहत्या घरातच एका खोलीत तिचं शिवणकाम चाले. वर उघडा स्लॅब, खाली लग्नसराईतले ब्लाउज. आठवड्यापूर्वी बाही जोडता जोडता तिला भोवळ आली आणि कपाळ मशीनच्या चाकावर आपटलं. तेव्हापासून तिच्या वडलांनी, कुंडलिकआण्णांनी, एकच धरून ठेवलं होतं : ही खोली बंद. पोरीने पुण्याला हनुमंतकाकांकडे राहावं आणि तिकडच्या कपड्याच्या कंपनीत बसावं. तिथं म्हणे गार असतं. काका टेम्पो घेऊन यायला तयारच होते. खोली गार झाली तर शेफाली शिवऱ्यात राहणार होती, नाहीतर मशीन माळ्यावर आणि ती पुण्याला. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, आणि मग अनोळखी माणसाला एवढं सांगितल्याबद्दल स्वतःवरच रागावून पर्सची चेन उघडझाक करू लागली.

"खिडकी उघडी ठेवता?" सार्थकने विचारलं.

"छे. झळ येते."

"मग कूलर घेऊ नका."

गल्ल्यावरच्या वसंतरावांनी चष्मा काढून पुसला. दुकान काढल्यापासून त्यांच्या दुकानात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

बंद खोलीत कूलर म्हणजे नुसता दमटपणा, सार्थक सांगत राहिला. बाहेरची कोरडी हवा आत यायला हवी, आतली बाहेर जायला हवी. नाहीतर चार दिवसांत अस्तरांना वास येईल आणि गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून माप द्यायला येतील. आधी खोली बघायला पाहिजे.

"म्हणजे… स्लॅब बघायला पाहिजे," त्याने घाईने दुरुस्ती केली.

"तुम्ही सगळ्यांचेच स्लॅब बघता?"

"नाही," सार्थक म्हणाला. तो वेल्ह्याचा. त्याला वेळेवर खोटं सुचत नसे.

ती गेल्यावर वसंतरावांनी एवढंच विचारलं, की कूलर विकायचे नसतील तर त्यांत मासे पाळू या का.

रविवारी तो शिवऱ्याला गेला. वेल्ह्याहून तसं ते थोडं वाकडं पडतं, पण त्या दिवशी त्याला पडलं नाही. खोली पाहून त्याने आधी मशीनवरचा बल्ब काढला. शंभराचा पिवळा बल्ब शेफालीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर लोंबत होता. दोन वर्षं ती चुलीपुढे बसावं तशी त्याच्याखाली बसत होती. तिथे त्याने वाकत्या मानेचा एक छोटा एलईडी दिवा बसवला. सगळा उजेड सुईवर, आणि हात लावला तरी चटका नाही.

वरचा झरोका पुठ्ठ्याने बुजवला होता, तो मोकळा केला. खिडकीला आतून जाड लाल पडदा होता.

"पडदा आत आहे, म्हणजे ऊन आधीच घरात आलंय," तो म्हणाला. "पाहुणा ओसरीवरच अडवायचा असतो."

"सगळेच पाहुणे?" शेफालीने विचारलं. ती स्टूल धरून उभी होती.

सार्थकच्या हातातले दोन स्क्रू खाली पडले.

बांबूची चटई खिडकीच्या बाहेरून लागली. जुना घरघरणारा पंखा जाऊन कमी विजेचा आला. दिवसभर फिरवला तरी बिलाची धास्ती नाही, हे ऐकून कुंडलिकआण्णांनी पहिल्यांदा खोलीत डोकावून पाहिलं. दिवस मावळला की खिडकी सताड उघडायची, सकाळी नवाला ऊन चढलं की निम्मी लोटायची, हे त्याने शेफालीला तीन वेळा समजावून सांगितलं. तिला पहिल्या वेळेलाच कळलं होतं. तीही तीन वेळा ऐकत राहिली.

पुढच्या रविवारी गच्ची. स्लॅब घासून धुतला आणि दोघांनी मिळून पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. पांढऱ्यावरून ऊन माघारी जातं, स्लॅब तापत नाही. संध्याकाळी ती गच्ची अशी लखलखत होती की डोळे बारीक करावे लागत. शेफालीच्या गालावर चुन्याचा एक ठिपका उडाला होता. सार्थकने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मनात पुष्कळ काही होतं…

"डोळ्यात जाऊ देऊ नका," तो म्हणाला. "आग होते."

आता आण्णांची अट. गुरुवारी दुपारी दोन वाजता ते स्वतः खोलीत तासभर बसणार. त्यांच्याने बसवलं तर ठीक, नाहीतर शुक्रवारी हनुमंताचा टेम्पो. शेफाली हसत हो म्हणाली. खोली खरंच निवली होती. सोमवारी तिने दुपारभर बसून चार ब्लाउज शिवून उतरवले होते. मंगळवारी ती नवरीकडच्यांची मापं घ्यायला सारोळ्याला मावशीकडे गेली, ती गुरुवारी दुपारीच परतली.

सार्थक अर्धी रजा काढून आला होता. दोन वाजले. आण्णा आत गेले, खुर्चीवर बसले, आणि दहाव्या मिनिटाला त्यांनी टोपी काढली. विसाव्या मिनिटाला सदरा काढला. पंखा गरम हवा खाली ढकलत होता.

"पोरा, तू लई कष्ट केलंस," आण्णा मायेने म्हणाले. त्यांची माया जास्त लागली. "पन न्हाई जमलं. हितं पोरगी पुन्यांदा पडंल."

मशीनवरच्या कापडाची शेफालीने उगाचच घडी केली, उलगडली, परत घडी केली. सार्थक स्टुलावर चढला आणि त्याने छताला तळहात लावला. चटका बसला. तो उतरला आणि जिन्याने वर धावला. मागोमाग शेफाली.

गच्ची काळी होती.

या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं प्लॅस्टिक पसरलेलं, आणि त्यावर अख्ख्या आळीच्या कुरडया, पापड आणि सांडगे. मधोमध छत्री उघडून शेजारच्या ठकुबाई बसल्या होत्या, हातात कावळे हाकायची काठी.

"ये बाबा," त्या सार्थकला म्हणाल्या. "लई झ्याक गच्ची केलीस. एक खडा लागत न्हाई. मंगळवारपास्नं समद्या हितंच घालाय लागल्यात."

"काळा कागद कशाला, मावशी?"

"बुडनं बी तापावं म्हनून. लौकर वाळतंय."

बुडातून तापतच होतं. त्या बुडाखाली आण्णा बसले होते. आळीला आवतण दिलं होतं शेफालीच्या आईने, रत्नाबाईंनी. इतकी स्वच्छ गच्ची रिकामी ठेवणं त्यांना पाप वाटलं होतं.

सार्थक मटकन जिन्याच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. वाटलं होतं खोली हरली, घात केला होता फक्त काळ्या प्लॅस्टिकने. शेफालीला मात्र हसू येईना. कुरडया अर्ध्या ओल्या होत्या, आणि त्या हलवायच्या म्हणजे आळीशी वर्षभराचं वैर. ती खाली गेली आणि पांढऱ्या अस्तराचा अख्खा तागा खांद्यावर टाकून वर आली. लग्नसराईचं सगळं अस्तर.

"मावशी, कागद काढू. ह्याच्यावर घालू."

ठकुबाईंनी कापड बोटांत चुरगाळून पाहिलं. त्यांची सासू पांढऱ्या धोतरावरच घालायची, असं त्या म्हणाल्या, आणि काठी बाजूला ठेवून पहिली कुरडई त्यांनीच उचलली.

आण्णांनी एक दिवस वाढवून दिला. हनुमंताला मात्र नको म्हणून कळवलं नाही. शुक्रवारी दोनच्या सुमाराला टेम्पो दारात उभा राहिला आणि हनुमंतकाका घाम पुसत आत आले. दोघे भाऊ खोलीत गेले. एक खुर्चीवर, एक चटईवर. दार लोटलं गेलं.

बाहेर शेफाली आणि सार्थक भिंतीला टेकून उभे राहिले. वसंतरावांनी त्याला दुसरी रजा दिली होती, ती माशांचा विषय पुन्हा काढून. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आतून बोलणं ऐकू येत होतं, ते हळूहळू तुटक झालं, मग थांबलं.

"भांडले असतील?" सार्थकने कुजबुजत विचारलं.

शेफालीने फटीतून पाहिलं. हनुमंतकाका ब्लाउजच्या कापडांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून घोरत होते. आण्णांची मान छातीवर टेकली होती, टोपी डोक्यावरच होती. दार करकरलं तसे ते डोळे न उघडता पुटपुटले,

"पंखा जरा बारीक कर गं. गारठा लागतोय."

शेफालीने आत जाऊन पंखा दोनवर आणला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

"राहिले मी," ती म्हणाली.

"राहिलात."

"म्हणजे तुमचं काम संपलं." ती भिंतीचा पोपडा नखाने काढत होती. "आता कशाला याल…"

सार्थकने खाली पाहिलं, वर पाहिलं, मग दाराच्या फटीकडे पाहिलं. वेळेवर खोटं त्याला सुचत नव्हतंच. खरंही जरा उशिराच सुचलं.

"गच्चीला दर उन्हाळ्याला चुना द्यावा लागतो."

"दर उन्हाळ्याला?"

"हो."

"किती वर्षं?"

"गच्ची आहे तोवर," तो म्हणाला. "म्हणजे… आपण आहोत तोवर."

आत हनुमंतकाकांनी कूस बदलली. शेफाली इतकी जवळ सरकली की तिला कुजबुजण्याचीही गरज उरली नाही, तरी ती कुजबुजलीच.

"बारा महिने वाट बघायला लावशील तर मी चाललेच टेम्पोत. उद्या ये. आणि आण्णांना जागं असताना भेट."