विझलेल्या सिग्नलला थांबलेल्या गाड्या

थाप वाटली तर वाटू दे. तिथे मी उभा होतो, तुम्ही नव्हता.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. हॉस्पिटलकडे जाणारा सरळ रस्ता. माझी ताई तिथेच दाखल होती. पोटाचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते.

त्या रस्त्याचे सिग्नल मीच सांभाळतो. साहेबांना केबल टाकायची नव्हती. खर्च नको, उद्घाटन मात्र हवं! म्हणून प्रत्येक सिग्नलच्या पेटीत एक घड्याळ बसवलं, उपग्रहावरून वेळ घेणारं. सगळ्यांची वेळ एक, म्हणून दिवे ओळीने हिरवे होतात. पेट्या एकमेकींशी बोलत नाहीत.

बोलूच शकत नाहीत. मध्ये तारच नाही.

त्या संध्याकाळी लांबचा सिग्नल अवेळी लाल झाला. गाड्या थांबल्या. पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला...

ओलांडायला कोणीच नव्हतं.

गाड्या सुटल्या. मग त्याच्या अलीकडचा सिग्नल लाल.

मग त्याच्या अलीकडचा...

गाडीच्या वेगाने नाही. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने.

हॉस्पिटलच्या दिशेने.

मी हॉस्पिटलसमोरच्या पेटीकडे धावत सुटलो. तेवढ्यात भाऊजींचा फोन.

"अरे, ही उठून बसलीय. कोण येणारेय का?"

"कोणी नाही! दार लावा, भाऊजी!"

"लावलेलंच आहे रे. पण ही म्हणते, पाहुण्यांना खुर्ची द्या."

मी फ्यूज उपटला. दिवे विझले.

आमच्याकडे पेटलेल्या लाल दिव्यालाही कुत्रं विचारत नाही. आणि त्या विझलेल्या सिग्नलपाशी...

सगळ्या गाड्या थांबल्या. एक हॉर्न नाही.

"थांबलात का? चला ना!" मी एका ट्रकवाल्यावर खेकसलो.

"अहो, त्यांना जाऊ द्या की आधी."

"कोणाला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू काही मी आंधळा आहे.

गाड्या हलल्या. थोड्या वेळाने फोनमधून भाऊजींचा हंबरडा ऐकू आला.

मी फोन कानाला लावून तसाच उभा.

आणि गाड्या पुन्हा थांबल्या...

या वेळी जास्त वेळ. ट्रकवाला अजून रांगेतच होता. मी त्याच्याकडे बघितलं.

"आता दोघं आहेत," तो हळूच म्हणाला. "बाई पोट धरून चालतायत. लागू दे वेळ."

रिकाम्या रस्त्याकडे बघून मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "ताई!"

"वळून बघितलं हो त्यांनी," ट्रकवाला म्हणाला.

मला नाही दिसली.