कोपऱ्यातला बाण

चूक गणिताच्या सरांचीच होती. पण चित्रकलेचे निवृत्त मास्तर अंधार पडल्यावर होस्टेलच्या गच्चीवर पोरांना ही गोष्ट सांगायला बसले, की ‘नशीब, दुसरं काय’ अशी सुरुवात करायचे. एकमेकांवर पांघरूण घालायची मोठ्यांची जुनी खोड.

‘मास्तर, माउस काय नशिबाच्या हातात होता?’ गोष्ट उडत उडत कानावर आलेली एक पोरगी फटकन म्हणाली.

मास्तर म्हणाले, ‘नाही गं. चूक त्याचीच. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसायचा तो. ऐका.’

वार्षिक परीक्षेची आदली रात्र. रविवार, साडेअकरा. संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन येऊन गेला होता, ‘सर, समरूप त्रिकोणांचा व्हिडिओ तेवढा राहिलाय. पोरं अडलीत हो.’ सरांनी निमूट लॅपटॉप उघडला.

सरांचे व्हिडिओ शाळेत गाजलेले. स्क्रीनवर नुसता फळा, सरांचं अक्षर, सरांचा आवाज. घरात मात्र रेकॉर्डिंग म्हणजे संचारबंदी. दहावीतली मुलगी शेजारी बसायची. मध्येच विचारायची, ‘बाबा, ही पायरी कुठून आली?’ सर ‘श्श!’ करायचे आणि नंतर तिचा आवाज कापून टाकायचे. जगाच्या पोरांच्या शंका सोडवणाऱ्याला घरच्या पोरीची शंका म्हणजे गोंगाट.

शेवटी तोडगा निघाला. सर पेनने लिहीत, त्यामुळे माउस मोकळा असायचा. तो तिच्याकडे. अडलं तर बोलायचं नाही, त्या पायरीभोवती माउसचा बाण गोल फिरवायचा. सर पुन्हा समजावत. नंतर तो गोलही कापत.

‘घराला आग लागली तरी गोलच फिरवू का?’

‘फिरव. पण तोंड बंद, ठमे.’

दोघंही हसले होते.

तिला दमा होता. काही महिन्यांपूर्वी याच समरूप त्रिकोणांचं रेकॉर्डिंग चालू असताना बाण एका रिकाम्या कोपऱ्यात फिरू लागला. तिथे पायरीच नव्हती. सरांच्या कानांवर हेडफोन. त्यांनी न वळताच ओठांवर बोट ठेवलं. बाण फिरला. फिरत राहिला. मग थांबला. पोरगी शहाणी झाली, असं वाटून सरांना बरं वाटलं. प्रमेय संपवून ते वळले...

तिचा पंप पलीकडच्या खोलीत होता. दप्तरात.

सरांनी तो व्हिडिओ पुसला. माउसमधले सेल काढले आणि माउस ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

आणि आता, परीक्षेच्या आदल्या रात्री, तेच प्रमेय पुन्हा. सरांचा आवाज कोरडा. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर बाण आला.

गोल फिरला.

सरांचं पेन थांबलं. ड्रॉवर बंद होता.

‘कळलं नाही का गं?’ ते हळूच म्हणाले. पुन्हा समजावलं. घाई न करता. कोन दाखवले, बाजू दाखवल्या. ‘आता?’

बाण खाली सरकला. पुढच्या पायरीवर. सर रडत होते आणि शिकवत होते. प्रमेय संपलं.

बाण निघाला... कोपऱ्याकडे.

‘नको. ठमे... तिकडे नको.’

गोल.

सरांनी हेडफोन काढून फेकला. या वेळी वळले. शेजारी रिकामी खुर्ची.

‘बोल. आज मी काही कापत नाही. बोल ना गं...’

...

काही नाही. नुसता लॅपटॉपचा पंखा.

ड्रॉवर उघडला. माउस होता तसाच. सेलची जागा रिकामी.

त्यांनी व्हिडिओ तसाच पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर पोरांनी त्यांना गाठलं. ‘सर, प्रमेय एकदम सोपं झालं! पण शेवटी तुम्ही रडत होता का? आणि तो बाण कोपऱ्यात का फिरतोय?’

मास्तर थांबले.

‘मग सर काय म्हणाले?’ मघाचीच पोरगी.

‘काही नाही. घरी गेला. सगळे जुने व्हिडिओ काढून ऐकत बसला. अजून ऐकतो.’

चार वर्षांचे व्हिडिओ आहेत सरांकडे. मुलीचा आवाज एकातही नाही.