एक अथर पाणी

"अहो, थांबा! तो दगड उचलू नका!"

रय्या ओरडली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पाटावर वाकलेल्या त्या तरुणाने चिंध्या गुंडाळलेला दगड उचलला, आणि अझ्झाआजीच्या लसणाकडे चाललेलं पाणी वळून त्याच्या गुलाबांच्या वाटेला लागलं.

"माझी पाळी झाली सुरू," त्याने मोबाईल दाखवला. "हे बघा, साडेनऊ."

"इथे घड्याळ चालत नाही, सावली चालते." रय्याने अंगणातल्या काठीकडे बोट केलं. "सावली त्या खुणेला टेकायला अजून चार बोटं आहेत. चार बोटांत आजीचा अख्खा वाफा भिजतो!"

त्याने सावलीकडे पाहिलं, आणि गुडघाभर चिखल उडवत दगड परत लावला. "चुकलं माझं."

इतक्या लवकर चूक कबूल केली, की रय्याचे ठेवणीतले टोमणे घशातच राहिले. हसू मात्र आलंच, मेलं.

तो खल्फान. आजोबा गेल्यावर मस्कतची बंदरावरची नोकरी बिनपगारी रजेवर टाकून डोंगरावर आलेला. आजोबांचे गुलाब पाटाच्या अगदी शेवटच्या पायरीवर. आणि रय्या पाणी वाटणाऱ्या सुलेमानची मुलगी. मोतीबिंदूने बाबांना सावली दिसेनाशी झाली, तेव्हापासून काठीपाशी तीच बसायची. बाबा शेजारी पाठीवर ऊन घेत.

पाळी पूर्वी आठव्या दिवशी यायची. तीन वर्षं पाऊस असा नाहीच, आता ती चौदाव्या दिवशी येते. थंडीनेही डोंगर सोडलाय. डाळिंबांना फूल धरत नाही, गुलाबांना अवेळी कळ्या येतात आणि ऊन त्या भाजून काढतं. गावाला वाटून खायला उरलं काय, तर सावली.

तेरा दिवस वाट बघणं काही खल्फानला जमेना. तो रोज सावली 'शिकायला' येऊ लागला.

"आज सावली फार पळतेय."

"सावली नाही पळत. तुमची बडबड संपत नाही."

"बरं, अथर म्हणजे अर्धा तासच ना?"

"अथर म्हणजे खूण. सावली टेकते ना, ती."

"आणि एखादं माणूस मनावर खूण करून गेलं तर?"

रय्याने मान खाली घातली. "तर... धुवून टाकायची."

"पाणी कुठाय धुवायला?"

बाबा खोकले. दोघंही सावलीकडे बघू लागली. पण तिचे कान दिवसभर तापलेले होते.

मग एके सकाळी तो नेहमीसारखा हसला नाही. "पाट तडकलाय. माझं निम्मं पाणी वाटेतच जिरतं. या पाळीला कळ्या वाचल्या तर राहीन, रय्या. नाहीतर... रजा संपतेय."

तेरावा दिवस तिला खायला उठला.

चौदाव्या दिवशी ती काठीपाशी बसली. आजीच्या शेवटच्या वाफ्यात पाणी नुकतं शिरत होतं. खल्फान दगडापाशी उभा. सावली खुणेपासून चार बोटं लांब.

"खल्फान..." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "वेळ झाली. उचला."

त्याने दगडाला हात घातला, सवयीने सावलीकडे पाहिलं... आणि हात तिथेच राहिला.

"अजून चार बोटं आहेत," तो हळूच म्हणाला.

"दिसतंय मला! उचला ना. कळ्या सुकल्या तर जाल तुम्ही..." तिचे डोळे भरून आले.

"तुझ्या एका शब्दावर सगळं गाव दगड उचलतं, रय्या. तो शब्द माझ्यासाठी खोटा नको करूस."

पहिल्यांदाच तो तिला अगं-तुगं करत होता. चार बोटं सरेपर्यंत तो हलला नाही. सरकणाऱ्या सावलीकडे बघताना रय्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच्यावर इतका जीव जडला की आता लपवणं शक्यच नव्हतं.

निम्मे गुलाब वाळले. महिनाअखेरीस खल्फान बाबांसमोर येऊन बसला. रय्या दाराआड कहवा ओतत होती.

"निघालास?" बाबांनी विचारलं.

"नाही. रय्याला मागायला आलोय. नवरीला द्यायचा मेहर म्हणून एक अथर पाणी देईन, आजोबांच्या वाट्याचं. तेवढंच आहे माझ्याकडे."

"अरे, मग तुझे गुलाब कशावर जगणार?"

"ते तिने ठरवायचं. पाणी तिचं."

बाबांनी स्वतःच्या पाठीकडे अंगठा केला. "चाळीस वर्षं हे ऊन पाठीवर घेतोय. वेळ झाली की पाठीला कळतं. त्या दिवशी माझ्या लेकीने आवाज दिला, तो चार बोटं आधी."

रय्याच्या हातातला पेला खाली पडला.

"पण दगड हलल्याचा आवाज आला नाही," बाबा म्हणाले. "म्हणून देतो मुलगी."

रय्या बाहेर आली. डोळे पुसायचंही भान नव्हतं. "वाचलेल्या गुलाबांच्या फांद्या घेऊन ये. पाटाच्या तोंडाशी आमची डाळिंबं नुसतीच उभी आहेत, तिथे लावू, म्हणजे पाणी वाटेत जिरायचं नाही. आणि खबरदार, वेळेआधी दगड उचललास तर!"

"तर काय करशील?"

"ओरडेन."

"ओरड," खल्फान म्हणाला. "त्यासाठीच तर राहतोय."